पंचेचाळिशीनंतर कराटे: दम लवकर येतो, सांधे सावकाश

मुलीला क्लासला सोडायचं आणि तासभर बाहेरच्या कट्ट्यावर मोबाइल चाळत बसायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. एका संध्याकाळी पावसाने कट्टा ओला होता म्हणून आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. सर म्हणाले, "उभंच राहायचंय तर मागच्या रांगेत उभे राहा की." तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, वजन ८४ किलो, आणि बुटाची नाडी बांधायला वाकलं की श्वास कोंडायचा. आज एक्कावन्न पूर्ण झाली, कमरेला जांभळा पट्टा आहे. मुलीने दहावीच्या वर्षी कराटे सोडलं ते सोडलंच.

या चार वर्षांत माझ्यासारखी उशिरा सुचलेली बरीच मंडळी आमच्या हॉलमध्ये आली. निम्म्याहून अधिक गेली. वयामुळे झेपलं नाही म्हणून फार थोडे गेले. बहुतेक जण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात काहीतरी दुखावून घेऊन घरी बसले, आणि एकदा बसले की बसलेच.

हा काळ नेमका का घातक, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. नियमित व्यायाम सुरू केला की दम महिनाभरात सुधारतो. स्नायूंना दोन-तीन महिने लागतात. पण स्नायू हाडाला बांधणारे टेंडन आणि सांधा धरून ठेवणारी लिगामेंट यांचा रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे ते फार सावकाश तयार होतात. म्हणजे दुसऱ्या महिन्यात छाती म्हणते अजून पाच मिनिटं चालेल, मांड्या म्हणतात चालेल, आणि टाचेमागची शीर बिचारी काहीच बोलत नाही. ती एकदमच बोलते. पुढे जे काही सांगतोय ते या एका तफावतीभोवती फिरतं.

आधी डॉक्टर, मग ड्रेस

फॅमिली डॉक्टरकडे जाल तेव्हा "व्यायाम सुरू करतोय" एवढंच म्हणू नका. ते मान डोलावतील, कारण त्यांच्या मनात चालणं आहे. नीट सांगा: अनवाणी, कडक जमिनीवर, उड्या, अचानक पुढे झेप, एका पायावर उभं राहून लाथ. मग ते वेगळे प्रश्न विचारतील. रक्तदाब, साखर, ईसीजी एवढं तरी करून घ्या. घरात हृदयविकार असेल, तंबाखू किंवा सिगारेट असेल, मधुमेह असेल किंवा जिना चढताना छातीत दाटत असेल, तर ट्रेडमिलवरच्या टेस्टबद्दल स्वतःहून विचारा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत. तुमची गोळी त्यातली असेल तर मनगटावरच्या घड्याळाचे आकडे बघून जोर ठरवू नका. त्यापेक्षा बोलून बघा. हालचाल करताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी. पहिले तीन महिने मला हीच कसोटी पुरली.

मधुमेह असेल तर दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना व्यायामात साखर खाली जाऊ शकते. पिशवीत साखरेच्या पुड्या ठेवा आणि शेजारी उभा राहणाऱ्याला ते माहीत असू द्या. दुसरी गोष्ट पायांची. कराटे अनवाणी करतात. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर तळव्याला चीर गेलेली कळतही नाही. अशा वेळी मऊ तळाचे बूट घालू देणार का, हे सरांना पहिल्याच दिवशी विचारा. समजूतदार माणूस नाही म्हणत नाही.

बायकांसाठी एक गोष्ट, जी क्लासमध्ये कोणीच मोकळेपणाने बोलत नाही. उडी मारताना किंवा जोरात ओरडताना लघवीचा थेंब सुटणं हे बाळंतपणांनंतर आणि पाळी जाण्याच्या वयात सर्रास घडतं. आमच्याकडच्या एका ताईंनी त्यापायी क्लास सोडला आणि कारण सांगितलं 'वेळ मिळत नाही'. फिजिओथेरपिस्ट ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात आणि त्याने पुष्कळ फरक पडतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही असतो, तेव्हा पाडण्या-पडण्याच्या सरावाआधी डॉक्टरांशी तेवढं बोलून घ्या.

क्लास निवडताना

आपल्याकडे शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू अशा कराटेच्या शैलींच्या पाट्या दिसतात. नवख्याने या नावांत फार अडकू नये. क्योकुशिन मात्र वेगळं: तिथे अंगावर खरेखुरे ठोसे घेतात, तेव्हा सुरुवात तिथून नको. ज्यूदो मला आवडतो, पण त्यात पडणं हाच अर्धा अभ्यास आहे आणि पन्नाशीचं शरीर जमिनीवर आपटलं की आठवडाभर आठवण ठेवतं. तायक्वांदोत लाथा उंच. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर लाठीकाठी बघा. त्यात खांदे, मनगटं आणि नजर यांचं काम जास्त, गुडघ्यांचं कमी.

शैलीपेक्षा शिकवणारा पाहा. नाव नोंदवण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा, मोबाइल खिशात ठेवून. वर्गातल्या सगळ्यांत मंद मुलाशी सर कसे वागतात, तेच उद्या तुमच्याशी वागणार आहेत. शिक्षा म्हणून बेडूकउड्या आणि बदकचाल असते का? ताण देताना पाठीवर दुसऱ्याला बसवतात का? मोठी माणसं किती आहेत, आणि ती मागच्या कोपऱ्यात सोडून दिलेली आहेत की त्यांच्याकडे कोणी लक्ष देतंय?

मग सरांना एकच प्रश्न विचारा: "माझ्या गुडघ्याला अमुक जमलं नाही तर काय करू?" उत्तर 'हळूहळू सवय होईल' असं आलं तर दुसरा क्लास शोधा. 'तुम्ही बैठक उंच ठेवा', 'लाथ कमरेपर्यंतच मारा' असं काही आलं तर चप्पल काढून आत जा.

पैशाचंही आत्ताच विचारून घ्या. महिन्याची फी सगळे सांगतात. बेल्टच्या परीक्षेची फी, सर्टिफिकेटचे, ड्रेसचे, शिबिराचे पैसे नंतर एकेक करून बाहेर येतात. कराटेच्या संघटना ढीगभर आहेत आणि एकीचं सर्टिफिकेट दुसरीला चालेलच असं नाही. वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी कोणी देत असेल, तर तो पट्टा विकतो आहे. नियमित येणाऱ्या प्रौढाला चार-पाच वर्षं लागणं अगदी सामान्य आहे. मला पाचाहून जास्त लागणार हे दिसतंच आहे.

तुम्ही नाव घातलं की घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतील. एक, २०२० मध्ये गाजलेला हडपसरच्या शांताबाई पवारांचा व्हिडिओ, पंच्याऐंशीव्या वर्षी रस्त्यावर लाठी फिरवतानाचा. दुसरी, शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांची गोष्ट, की ते त्रेपन्नाव्या वर्षी कराटे घेऊन तोक्योला गेले. दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही आपल्याला लागू नाहीत. शांताबाई लहानपणापासून लाठी खेळत आल्या. फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून तोक्योला प्रात्यक्षिकासाठी गेले आणि तिथेच राहिले, ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट करून दिवस काढले, हे विलक्षणच आहे. पण त्या वेळी त्यांच्या मागे पोरवयापासूनचा सराव होता. त्यांच्या गुडघ्यांना चाळीस वर्षांची सवय होती. आपल्या गुडघ्यांना स्कूटरची सवय आहे. या दोघांचं कौतुक करावं, त्यांच्याशी बरोबरी करू नये.

पहिला महिना, रांगेत शेवटी

पहिल्या दिवशी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते. ड्रेस महिन्याभराने घ्या, आणि सुती असेल तर एक माप मोठा, कारण धुतल्यावर आटतो. घालताना डावी बाजू वर, पुरुषांच्या शर्टासारखी. जपानमध्ये उजवी बाजू वर ठेवून कपडा फक्त मृताला नेसवतात. बायकांच्या शर्टाची बटणं उलट असतात, त्यामुळे त्यांचा हात सवयीने उलट जातो. कोणी हटकलं तर कारण हे आहे. अंगठी, साखळी, कडं घरी ठेवा. मंगळसूत्र निघत नसेल तर आतून पट्टीने चिकटवा. पायाची नखं कापलेली हवीत.

रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. सगळ्यांत शेवटी पांढरे. माझ्या पुढे सात वर्षांचा एक पिवळा पट्टा होता, जो मला "काका, डावा पाय" असं कुजबुजून सांगायचा. आमचे सर अठ्ठावीस वर्षांचे. ते मला अहो-जाहो करत, मी त्यांना अहो-जाहो करत असे, आणि तासाच्या सुरुवातीला मी त्यांच्यापुढे वाकत असे. आपल्याकडे वाकायचं ते मोठ्यांपुढे. पहिले चार दिवस मान वाकली, मन वाकलं नाही. पुढे लक्षात आलं की ज्यांचं ते वाकत नाही त्यांना चूक दाखवलेली सहन होत नाही, आणि तेच चुकीच्या पद्धतीने लाथा मारत राहून गुडघा घालवतात.

शब्द थोडेच आहेत. 'रेई' म्हणजे वाका, 'हाजिमे' सुरू, 'यामे' थांबा, 'मोकुसो' डोळे मिटून शांत बसा. आकडे इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, कू, जू. हे घरून पाठ करून जा; पाय सांभाळतानाच आकडे शोधावे लागले की दोन्ही चुकतात. 'सेइझा' म्हणजे आपलं वज्रासन. गुडघ्याला जमत नसेल तर मांडी घाला किंवा उभे राहा, पण आधी सांगून.

वॉर्म-अपबद्दल जरा सविस्तर सांगतो. क्लासमधला वॉर्म-अप मुलांसाठी बेतलेला असतो. मुलं शाळेतून धावतच येतात, त्यांचं अंग आधीच गरम. आपण आठ तास खुर्चीत बसून, गाडी चालवून, थेट हॉलमध्ये. म्हणून दहा मिनिटं लवकर जा. जागच्या जागी चालणं, घोटे फिरवणं, भिंत धरून पाय पुढे-मागे सैल हेलकावणं, टाचा उचलून सावकाश खाली आणणं, खांद्याची लहान वर्तुळं मोठी करत नेणं. कपाळावर घामाचा पहिला थेंब येईपर्यंत. एकाच स्थितीत थांबून दिलेला लांब ताण तासाच्या शेवटी, अंग तापलेलं असताना द्यावा.

आणि नाही म्हणायला शिका. बेडूकउड्या, बदकचाल, फरशीवर मुठींवरचे पुश-अप्स, दुसऱ्याने दाबून पाय फाकवणं: या चारही गोष्टी मी पहिल्या महिन्यात लाजेखातर केल्या. त्यांच्याशिवाय कराटे व्यवस्थित येतं. मुठींऐवजी भिंतीवर हात टेकून पुश-अप्स काढा. हसणारं कोणी नसतं. मुलं स्वतःच्याच धुंदीत असतात.

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची फट. उरलेल्या दिवसांत चालणं. उत्साहाच्या भरात रोजची बॅच घेऊ नका, फी तेवढीच असली तरी.

हवेत मारलेला ठोसा कोपराला लागतो

नवख्यांची एक समजूत असते की दुखापत समोरच्याच्या फटक्याने होते. पहिल्या वर्षात माझ्या पाहण्यातल्या जवळपास सगळ्या दुखापती समोर कोणीही नसताना झाल्या.

ठोसा घ्या. मुठीत अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर दुमडलेला. पहिल्या दोन बोटांची पेरं लक्ष्याला लागायची, मनगट सरळ. इथवर सगळे शिकवतात. पण समोर काही नसताना हात पूर्ण वेगाने झटकला की तो वेग थांबवतं कोण? कोपराचा सांधा. शंभर ठोसे म्हणजे कोपराला शंभर झटके. म्हणून हात पूर्ण ताठ होण्याच्या किंचित आधी थांबवा आणि तो थांबवायचं काम काखेखालच्या आणि पाठीच्या स्नायूंना द्या. शेवटच्या क्षणी काख आवळली की आपोआप होतं. दुसरा हात कमरेशी ओढणंही तितक्याच जोराने. महिनाभर अर्ध्या वेगाने करा.

लाथेतही तेच, फक्त सांधा मोठा आणि महाग. समोरची लाथ, माए-गेरी: आधी गुडघा वर, मग पाऊल पुढे, मग पाऊल परत गुडघ्याखाली, आणि मगच खाली. पाऊल परत ओढणं विसरलं की गुडघा हवेत झटकतो आणि पाय धपकन जमिनीवर येतो. उंची पट्ट्याएवढी पुरे. कमरेखाली नीट मारलेली लाथ डोक्यापर्यंत कशीबशी पोचलेल्या लाथेपेक्षा कधीही चांगली दिसते, आणि परीक्षकांनाही हे कळतं.

गोल लाथेत, मावाशी-गेरीत, ज्या पायावर उभे आहात त्याची टाच वळली पाहिजे. ती वळली नाही तर वरचं सगळं अंग वळतं, पाऊल जागीच राहतं आणि मधला गुडघा पिळला जातो. घामट पाय रबरी मॅटवर चिकटतो, तेव्हा मॅटवर हे जास्त होतं. गुळगुळीत फरशीवर उलट पाय सटकतो. आपली जमीन कोणती, हे पहिल्या दिवशी अनवाणी पाय घासून बघा.

बैठका म्हणजे उभं राहण्याच्या पद्धती. झेनकुत्सू-दाचीत पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय लांब, वजन थोडं पुढच्या पायावर जास्त. फोटोत दिसते तेवढी खोल बैठक आपल्यासाठी नाही. एक वीत आखूड ठेवा. दोन गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत: पुढचा गुडघा पावलाच्या रेषेतच हवा, आत पडता कामा नये, आणि दोन पायांत खांद्याएवढी रुंदी हवी, नाहीतर दोरीवर चालल्यासारखा तोल जातो. घोड्यावर बसल्यासारखी किबा-दाची मांड्यांना आग लावते. ती आग चालेल. गुडघ्याच्या वाटीत कळ आली तर लगेच वर.

श्वास कोंडू नका. मारताना सोडायचा. श्वास धरून जोर लावला की रक्तदाब एकदम वर जातो. ती जी आरोळी असते, 'किआय', तिचा एक उपयोग हाच की ओरडताना श्वास कोंडता येत नाही. प्रौढ माणसाला ओरडायला अतिशय लाज वाटते. माझ्या तोंडून पहिले दोन महिने शिंकेसारखा आवाज यायचा. गाडीच्या काचा वर करून सराव केला, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने पाहिलं, पण जमलं.

दुसरा ते चौथा महिना

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी मला फार छान वाटत होतं. वजन चार किलो उतरलं होतं. मुलांच्या शर्यती चालल्या होत्या, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी धावलो. तिसऱ्या पावलाला मागून कोणीतरी पोटरीवर लाथ घातली असं वाटून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा नेमकं असंच वाटतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घरी आल्यावर आईने तेलाची वाटी कोमट करून आणली. हे मुद्दाम लिहितोय: ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, पट्टी, पाय उशीवर. आणि त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे, कारण टाचेमागचं टेंडन तुटलेलं असू शकतं आणि त्यात दिरंगाई परवडत नाही. माझं तुटलं नव्हतं. तरी परत रांगेत उभं राहायला दोन महिने गेले.

अंग आंबणं आणि दुखापत यांतला फरक ओळखता आला पाहिजे. सरावानंतर एक-दोन दिवस मांड्या, दंड सगळीकडून जड होतात, जिना उतरताना "आई गं" निघतं, ते आंबणं. ते तीन दिवसांत जातं. एका बोटाने दाखवता येतं, सांध्यात असतं, रात्री जाग आणतं किंवा सूज दिसते, ती दुखापत. तिच्यावर सराव करायचा नाही. छातीवर दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम किंवा भोवळ आली तर पाणी पिऊन बघू म्हणत बसू नका. थांबा, सांगा, दवाखान्यात जा.

या तीन महिन्यांत घरी रोज करायची एक गोष्ट सांगतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून दोन्ही टाचा वर उचला आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली आणा. पंधरा वेळा, दोनदा. उतरणं सावकाश हवं, टेंडनची तयारी त्यात होते. महिन्याने एकेका पायावर. दात घासताना एका पायावर उभे राहा, अर्धा वेळ डाव्या, अर्धा उजव्या. हे दोन व्यायाम मी दुखापतीनंतर सुरू केले. क्रम उलटा असायला हवा होता.

काता, म्हणजे आपलं हक्काचं मैदान

वेगात आणि लवचिकपणात मुलांशी आपला निभाव लागणार नाही. कातामध्ये लागतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी एकट्याने करायची. शोतोकानमध्ये पहिली मोठी काता हेइआन शोदान, २१ हालचालींची, पाऊण मिनिटाच्या आसपास संपते. 'हेइआन' या नावात शांतता आहे. डावीकडे वळून खालचा अडथळा (खालून येणारा वार हाताने अडवणं) इथून सुरू होते, मध्ये सरळ रेषेत वरचे तीन अडथळे आणि तिसऱ्यावर आरोळी, परतताना तीन ठोसे आणि तिसऱ्यावर आरोळी.

पाठ करताना सगळे अडखळतात ते वळणांवर. हात आठवतात, कुठे तोंड करायचं ते आठवत नाही. माझी युक्ती अशी: आधी हात कमरेला ठेवून फक्त पावलं. बैठकीच्या खोलीत दिशा ठरवून घेतल्या. देवघराकडे, टीव्हीकडे, दाराकडे, बाल्कनीकडे. 'देव, दार, टीव्ही' असं पुटपुटत आठवडाभर फिरलो. पुढे परीक्षेच्या हॉलमध्ये देवघर नव्हतं आणि मी चक्क चुकीकडे वळलो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात खोली बदलून करा.

वळताना वजन ज्या पायावर आहे त्याचं पाऊल फिरू द्या. घाई नको. पन्नाशीतला माणूस ही काता सावकाश, प्रत्येक हालचाल पूर्ण करून, नजर आधी वळवून करतो, तेव्हा हॉलमधली मुलं गप्प होऊन बघतात. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकांची काता मी पाहिली आहे, लाथ गुडघ्याच्या वर जात नाही, आणि तरी डोळे हटत नाहीत.

समोर माणूस आला की

कुमिते, म्हणजे जोडीदाराबरोबरचा सराव, सुरुवातीला आखीव असतो: तो सांगून मारणार, तुम्ही अडवणार, पाच पावलं. यात धोका कमी. मोकळ्या लढतीला वर्षभर तरी हात लावू नका, आणि लावाल तेव्हा तोंडात माउथगार्ड, हातमोजे, नडगीला पॅड. चष्मा काढून. पुरुषांनी जांघेचं गार्ड घ्यावंच. दहा-बारा वर्षांच्या मुलाची कमरेएवढी सरळ लाथ आपल्याला नेमकी कुठे पोचते, हे मोजून बघायला नको.

जोडीदार म्हणून मूल आलं तर जबाबदारी तुमची. प्रौढ आला तर आधी सांगा की हलकं खेळू. शांत तपकिरी पट्टा सगळ्यांत सुरक्षित, तावातावाचा पांढरा पट्टा सगळ्यांत धोकादायक. मीही तसाच होतो.

सहा महिन्यांच्या कराटेवर रस्त्यात कोणाशी भिडायला जाऊ नका. चोराला पाकीट द्यावं आणि गर्दीच्या दिशेने चालू लागावं. मला झालेला फायदा फार साधा आहे: मागच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला आणि मी पडलो नाही.

पट्टे

रंगीत पट्ट्यांची शिडी बहुतेक ठिकाणी पांढऱ्यापासून पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा अशी चढते. क्रम क्लासगणिक थोडा हलतो. ही दर्जांची पद्धत मुळात कराटेची नाही. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून फुनाकोशींनी ती उचलली आणि १९२४ मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले.

पहिल्या परीक्षेला तीन-चार महिन्यांनी बसवतात. म्हणजे बरोबर त्याच धोक्याच्या काळात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे सराव दुप्पट करतात. तुम्ही निम्मा करा. वाटलं तर एक परीक्षा सोडा. सरांना हे आधी सांगितलं तर वाईट वाटत नाही, आणि वाटलंच तर परीक्षेच्या फीचं वाटत असेल. परीक्षेत दम संपला तर हात वर करून थांबायची मुभा असते का, हे विचारून ठेवा. आमच्याकडे असते.

खंड पडल्यावर

गणपती, दिवाळी, लग्नसराई, ऑफिसचं मार्च एंड, सासऱ्यांचं ऑपरेशन. खंड पडणारच. दोन आठवडे चुकले तर परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या जोराने. महिना चुकला तर दोन आठवडे निम्म्याने, आणि उड्या अजिबात नाहीत. इथेही तीच गंमत: दम लवकर परत येतो आणि माणूस फसतो. आमच्या हॉलमध्ये मोठ्यांच्या दुखापती सगळ्यांत जास्त कधी होतात तर दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात. फराळाने जडावलेलं अंग, थंडी सुरू झालेली, आणि दहा दिवसांचं साचलेलं एकाच संध्याकाळी फेडायची घाई. त्या आठवड्यात मी मागच्या रांगेत जातो, पायमोजे उशिरा काढतो आणि फक्त काता करतो.